गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो मूळचा जपानी! टाईपरायटरवरून सुचलेलं वाद्य आपल्या गल्लीत कसं पोचलं?

विसर्जनाची मिरवणूक, हळदीची रात्र, दहीहंडी नाहीतर गावची जत्रा. यातल्या एका जरी ठिकाणी तुम्ही नाचला असाल, तर बेंजो तुम्ही ऐकलेला आहे. ट्रॉलीवर किंवा हातगाडीवर स्पीकर बांधलेले, एक जण ऑक्टोपॅडवर, एक जण ढोलकीवर, दोघंतिघं ताशा-ढोलवर आणि मधोमध गळ्यात पट्टा अडकवून एक लांबट पेटी धरलेला माणूस. डाव्या हाताची बोटं बटणांवर पळतायत, उजव्या हातातला पिक तारांवर खडखडतोय आणि त्यातून कोळीगीतापासून नव्या पिक्चरच्या गाण्यापर्यंत सगळं निघतंय.

आता एक साधा प्रश्न. हे वाद्य कुठलं?

बहुतेक जण म्हणतील, आपलंच की. जरा इंटरनेट चाळलेला एखादा म्हणेल, बँजो अमेरिकेचा. पण अमेरिकेचा बँजो म्हणजे गोल, कातडं ताणलेलं, गिटारसारखी मान असलेलं वाद्य. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वाद्यांतून ते तयार झालं. त्याला बटणं नसतात. आपल्या बेंजोशी त्याचं नावापलीकडं काहीही नातं नाही.

आपला बेंजो जपानी आहे. त्याचं मूळ नाव ताईशोगोतो. तो जन्मला नागोया शहरात, १९१२ साली. आणि तो का जन्मला हे समजून घ्यायचं असेल, तर जपानी संगीतावर त्याआधीच्या चाळीस वर्षांत काय संकट आलं होतं ते आधी बघावं लागतं.

ज्याला जपानी म्हणतात ते तरी मूळचं कुठलं?

जपानी पारंपरिक संगीत म्हटलं की तीन वाद्यं हमखास पुढं येतात. पहिलं कोतो. जमिनीवर आडवं ठेवायचं, माणसाच्या उंचीएवढं लांब, तेरा तारांचं. प्रत्येक तारेखाली एक सरकता घोडा. तो सरकवला की सूर बदलतो, आपल्या स्वरमंडळाचा थोरला भाऊ समजा. दुसरं शामिसेन, लांब मानेचं, तीन तारांचं. तिसरी शाकुहाची, बांबूची उभी बासरी. तिचं नावच तिची लांबी सांगतं. एक शाकू आणि आठ सून, म्हणजे साधारण ५४ सेंटिमीटर.

गंमत अशी की यातलं एकही वाद्य मुळात जपानचं नाही. कोतो आणि शाकुहाचीचे पूर्वज चीनमधून आले, बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी. शामिसेन सोळाव्या शतकात चीनमधून ओकिनावाच्या बेटांमार्गे आलं. ओकिनावात त्यावर सापाचं कातडं असायचं. जपानच्या मुख्य बेटांवर एवढे मोठे साप कुठून आणणार? म्हणून तिथं मांजराचं आणि कुत्र्याचं कातडं लावायला सुरुवात झाली.

आपलाही यात वाटा आहे. ७५२ साली नारा शहरात तोदाईजी मंदिरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे रंगवून तिची प्रतिष्ठापना झाली, तेव्हा तो विधी केला बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूनं. जपानच्या दरबारी संगीताला गागाकू म्हणतात. त्यातला एक भाग या बोधिसेनानं आणि आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्याच्या एका भिक्षूनं शिकवला, असं परंपरा मानते. आणि जपानी लोक ज्या बेंझाइतेन देवीला पूजतात, ती म्हणजे आपली सरस्वती. तिकडं जाऊन तिच्या हातात वीणेच्या जागी बिवा आला, एवढाच फरक.

तर बाहेरून आलेलं वाद्य घ्यायचं, आपल्या हाताला जुळवायचं आणि तीन-चारशे वर्षांनी त्याला परंपरा म्हणायचं, हे जपानमध्ये आधीपासून चालत आलेलं होतं.

१८७१ : एका वर्षात दोन घाव

एदो काळात, म्हणजे आपल्याकडं शिवकाळापासून पार पेशवाई बुडेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं, जपानमध्ये कोणतं वाद्य कोणी वाजवायचं हे ठरलेलं होतं. कोतो व्यावसायिकपणे शिकवायचा हक्क अंध पुरुषांच्या एका संघटनेकडं होता. तिचं नाव तोदोझा. तिच्यात दर्जे होते, आणि वरच्या दर्जाला 'केंग्यो' म्हणत. सतराव्या शतकातले यात्सुहाशी केंग्यो हे कोतोचे आद्य रचनाकार मानले जातात, त्यांच्या नावातला केंग्यो हा तोच दर्जा. शाकुहाची होती फुके पंथाच्या भटक्या साधूंकडं. डोक्यावर वेताची टोपली पालथी घालून, चेहरा पूर्ण झाकून ते बासरी वाजवत भिक्षा मागत फिरायचे.

१८६८ मध्ये सत्ता सम्राट मेजींच्या नावानं चालायला लागली आणि नव्या सरकारनं देश झपाट्यानं बदलायला घेतला. १८७१ मध्ये तोदोझा बरखास्त झाली. त्याच वर्षी फुके पंथही बंद करण्यात आला. अंध कलाकारांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पोटापाण्याचा हक्क एका हुकमानं गेला. त्याची दुसरी बाजूही खरी आहे. आता कोतो आणि शाकुहाची कुणीही शिकू शकत होतं.

मग आली शाळा. १८७९ मध्ये सरकारनं संगीताचा अभ्यास करायला एक समिती नेमली. तिचे प्रमुख होते इझावा शूजी. पुढच्या वर्षी अमेरिकेतून लूथर व्हायटिंग मेसन नावाच्या संगीतशिक्षकाला बोलावून घेतलं. १८८१ पासून शाळेच्या गाण्यांची पुस्तकं निघू लागली. त्यात कितीतरी चाली युरोपच्या होत्या, शब्द जपानी. स्कॉटलंडच्या 'ऑल्ड लँग साइन'ची चाल जपानी मुलांच्या तोंडी बसली ती तेव्हा. (तीच चाल रवींद्रनाथांनीही बंगालीत घेतली, तो वेगळा विषय.)

या शाळेच्या गाण्यांतून एक सप्तक रुजलं, त्याचं नाव योनानुकी. तेव्हा जपानी शाळांत सात सुरांना आकड्यांची नावं होती, ही, फू, मी, यो, ई, मू, ना. 'यो' म्हणजे चौथा, 'ना' म्हणजे सातवा, 'नुकी' म्हणजे काढून टाकलेला. चौथा आणि सातवा सूर वगळा. काय उरलं?

सा, रे, ग, प, ध.

आपण याला भूप म्हणतो. गाण्याच्या क्लासला पहिल्या वर्षी जो राग घोटून घेतात, तोच. राग म्हणजे नुसते पाच सूर नव्हेत, त्याचं चलन असतं, वादी-संवादी असतात, हे मान्य. पण पाश्चात्त्य संगीत शिकताना जपानी कानांना सोयीचे वाटले ते सूर हे पाच. पुढं एन्का नावाचे त्यांचे भावुक सिनेमाछाप गाण्यांचे प्रकार आले तेही बरेचसे याच सुरांवर आणि त्याच्या कोमल भावंडावर उभे राहिले. जुन्या कोतो-शामिसेनच्या गाण्यांचं सप्तक मात्र वेगळं होतं. कोमल रे, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत. आपल्याकडच्या जाणकाराला ते ऐकून गुणकली आठवेल. म्हणजे आजोबा गुणकलीच्या सुरांत रमलेले आणि नातू शाळेतून भूपाचे सूर शिकून येतोय, असा तो काळ.

त्याच वेळी पुण्यात काय चाललं होतं?

जपानच्या समितीच्या पाच वर्षं आधी, १८७४ मध्ये, पुण्यात गायन समाज स्थापन झाला. हेतू काय, तर आपलं गाणं शिकलेल्या, प्रतिष्ठित माणसांत मानानं पोचावं. तोवर गाणं संस्थानिकांच्या दरबारात, मंदिरात नाहीतर कोठीवर. पुढं १९०१ मध्ये विष्णू दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१३ मध्ये अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं आणि १९३२ मध्ये विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं.

दोन्हीकडं प्रश्न सारखाच होता. गुरूच्या घरात कोंडलेली विद्या चारचौघांपर्यंत न्यायची कशी? उत्तरं मात्र उलटी निघाली. जपानमध्ये सरकार स्वतःचं होतं, त्याला गाणं शाळेत हवं होतं, आणि त्या सरकारनं शाळेत पियानो-ऑर्गन बसवला. आपल्याकडं सरकार परकं होतं, त्याला आपल्या गाण्याशी कर्तव्य नव्हतं, म्हणून आपल्या लोकांनी स्वतःच्या शाळा काढून त्यात ख्याल आणि तबला बसवला. आमचं मत विचाराल तर परक्या सरकारची बेपर्वाई आपल्या संगीताला एका परीनं लाभलीच. जपानमध्ये शाळकरी मुलांनी किमान एक जपानी वाद्य हाताळावं असा अभ्यासक्रम यायला २००२ साल उजाडलं.

आणि मग नागोयातला तो माणूस

मोरिता गोरो हा नागोयाच्या ओसू भागातल्या एका खानावळवजा मुक्कामाच्या घरातला मुलगा. त्याला वाद्यांचा नाद. तो निगेनकिन, म्हणजे दोन तारांचं छोटं कोतो वाजवायचा. विसावं शतक उजाडायच्या सुमारास तो युरोप-अमेरिकेत फिरून आला. तिथं त्यानं टाईपरायटर बघितला.

कल्पना करा. कोतो वाजवायचं तर वर्षानुवर्षं गुरूकडं बसा. तेरा तारा जुळवा. घोडे सरकवा. वाद्य महाग, घरात ठेवायला जागा हवी. आणि इकडं एक यंत्र आहे, ज्यात बटण दाबलं की बरोबर तेच अक्षर उमटतं, चूक होण्याचा प्रश्नच नाही. असंच बटण तारेवर लावलं तर?

१९१२ मध्ये त्यानं ते केलं. लाकडाची पोकळ लांबट पेटी, तिच्यावर पोलादी तारा ताणलेल्या, तारांखाली गिटारसारखे धातूचे पडदे आणि वर टाईपरायटरची असावीत तशी बटणं. बटण दाबलं की तार त्या पडद्यावर टेकते. उजव्या हातानं तार छेडली की नेमका तो सूर. बटणांची मांडणी पियानोसारखी, शुद्ध सुरांची एक रांग आणि कोमल-तीव्रांची दुसरी. शिवाय प्रत्येक बटणावर आकडा. १, २, ३, ४. म्हणजे गाण्याची चाल आकड्यांत छापून दिली की ज्याला सूर कशाशी खातात हे माहीत नाही तोही संध्याकाळपर्यंत एक गाणं वाजवणार.

त्याच वर्षी जुलैत सम्राट मेजी वारले आणि नव्या सम्राटाचं ताईशो युग सुरू झालं. नव्या युगाचं नवं कोतो म्हणून नाव पडलं ताईशोगोतो. वाद्य स्वस्त होतं, हलकं होतं, मांडीवर मावत होतं. ते धडाधड खपलं. कोतोच्या जाणत्या उस्तादांना ते खेळणं वाटलं. खेळणं म्हणून तर ते खपत होतं.

याच काळात कोतोला आतून बदलणारा एक माणूसही होता, त्याला वगळून पुढं जाणं अन्याय होईल. मियागी मिचिओ, जन्म कोबे, १८९४. लहानपणीच दृष्टी गेली. त्यांनी कोतोला खालचे, खर्जातले सूर मिळावेत म्हणून १९२१ मध्ये सतरा तारांचं मोठं कोतो बनवून घेतलं. १९२९ मध्ये कोतो आणि शाकुहाचीसाठी 'हारू नो उमी' म्हणजे वसंतातला समुद्र ही रचना केली. १९३२ मध्ये रने शेमे या फ्रेंच व्हायोलिनवादक बाईंनी शाकुहाचीच्या जागी व्हायोलिन घेऊन ती त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रित केली आणि ती जपानबाहेर पोचली. आज नव्या वर्षाच्या दिवशी जपानमधल्या कुठल्याही दुकानात शिरा, ही धून कानावर पडते. इतकी की तिथल्या लोकांना ती शेकडो वर्षांची जुनी वाटते. तिला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

समुद्र ओलांडल्यावर

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानी माल आशियाभर स्वस्तात पसरला. कापड, खेळणी, काचेच्या वस्तू आणि त्यांच्यासोबत हे बटणांचं वाद्यसुद्धा. जिथं जिथं ते उतरलं, तिथं तिथं लोकांनी त्याला आपलं नाव दिलं आणि आपल्या गाण्याला जुंपलं. बाली बेटावर ते 'पेंटिंग' झालं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोम्बासाच्या ताराब गाण्यांत शिरलं. बलुचिस्तानात त्याचं 'बेंजू' झालं आणि तिथं तर त्याला खरीखुरी प्रतिष्ठा मिळाली. तिथल्या वादकांनी ते आकारानं मोठं केलं, त्यात आधार सुरांच्या तारा भरल्या आणि बलुची लोकसंगीतात बेंजू हे एकट्यानं मैफल रंगवणारं वाद्य झालं. आज बलुच माणसाला तुम्ही सांगितलंत की हे जपानी आहे, तर तो तुमच्याकडं तसाच बघेल जसं गिरगावातला बेंजोवाला बघेल.

भारतात त्याला दुकानदार 'बुलबुल तरंग' म्हणतात. काय सुंदर नाव आहे! पण महाराष्ट्रात ते कागदावरच राहिलं. मिरवणुकीत बुलबुल तरंग कुणी म्हणत नाही. बेंजोच. आणि ते वाजवणारा जो संच असतो तो बेंजो पार्टी.

इथं येऊन वाद्य किती बदललं बघा. जपानमध्ये ते बैठ्या घरातलं, एकट्यानं हळू वाजवायचं. मुंबईत आणि कोकणात ते रस्त्यावर आलं. रस्त्यावर ताशापुढं तारेचा आवाज पोचणार कसा? मग त्यात पिकअप बसला, वायर ॲम्प्लिफायरला गेली, आवाज कर्ण्यातून आणि पुढं मोठ्या स्पीकरमधून फुटायला लागला. बसायची सोय नाही म्हणून पट्टा लावून गळ्यात घेतलं. घरात जपून वाजवायचं वाद्य हजार माणसांना नाचवायला लागलं. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, तो याच पार्ट्यांच्या पोरांवर. पडद्यावर एवढ्या थेटपणे हे वाद्य तोवर आलं नव्हतं.

पेटीला माफी, बेंजोला नाही

आता यातला खरा पेच. बाहेरून आलेलं आणखी एक बटणवालं वाद्य आपल्याकडं आहे, हार्मोनियम. १८४२ मध्ये पॅरिसमध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या सोयीचं रूप दिलं, एका हातानं भाता, एका हातानं पट्ट्या. मराठी संगीत नाटकानं तिला डोक्यावर घेतलं.

तिच्यावरचा आक्षेप काय होता? दोन पट्ट्यांच्या मधे सूर नाही. मींड काढता येत नाही. सूर आधीच पक्के बांधलेले, आपल्या श्रुतींत बसत नाहीत. या कारणांसाठी १९४० मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियमवर चक्क बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली. तोवर गोविंदराव टेंब्यांपासून पुण्याच्या अप्पा जळगावकरांपर्यंत वादकांनी पेटीला असं काही बोलतं केलं होतं की तिच्याशिवाय गाण्याची बैठक आज डोळ्यापुढं येत नाही.

बेंजोवरही हेच सगळे आक्षेप लागू पडतात. उलट त्यात तार आहे, त्यामुळं बटणावरचा दाब कमी-जास्त करून सूर थोडा हलवता येतो, पेटीत तेवढंही होत नाही. मग पेटी मैफलीत आणि बेंजो ट्रॉलीवर का?

वाद्याच्या रचनेत याचं उत्तर सापडत नाही. ते वाजवणारे कोण आणि ऐकणारे कोण, यात सापडतं. पेटीला संगीत नाटक, कीर्तन आणि शिकलेल्या घरांचा दिवाणखाना मिळाला. बेंजोला चाळ, कोळीवाडा आणि मंडळाचा मांडव मिळाला. पेटीची परीक्षा देता येते, प्रमाणपत्र मिळतं. बेंजो पोरगं शिकतं ते पार्टीतल्या मोठ्या वादकाच्या शेजारी उभं राहून, कानानं. लेखी काही नाही, घराणं नाही, आणि सीझन संपला की वादक दुसऱ्या कामाला. ज्या वाद्याचा शोधच मुळात गुरूशिवाय शिकता यावं म्हणून लागला, त्याला गुरू नाही म्हणून कमी लेखलं गेलं.

'पारंपरिक वाद्यं' म्हणजे नेमकी कोणती?

पुण्यात दरवर्षी गणपतीच्या आधी एक वाद रंगतो. डीजे नको, पारंपरिक वाद्यं हवीत. डीजे नको यावर वयस्कर माणसं, डॉक्टर, लहान बाळांचे आईबाप या सगळ्यांचं एकमत असतं आणि त्यांचं म्हणणं रास्तच आहे. पण पारंपरिक म्हटलं की पुणेकराच्या डोळ्यापुढं येतो ढोल-ताशा. पांढरा कुर्ता, भगवा फेटा, शेकडो ढोल एका ठेक्यात, लक्ष्मी रोड दणाणून सोडणारे.

ढोल आणि ताशा जुनेच आहेत, ग्रामदैवताच्या पालखीपुढं पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलेत. पण गणवेश घातलेलं, महिना-दीड महिना नदीकाठी सराव करणारं, कॉलेजची मुलंमुली आणि आयटीतली मंडळी ज्यात आहेत असं पथक हे गेल्या काही दशकांतलं आहे. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या पथकांतून ते वाढलं.

इथं पुन्हा जपान आठवतो. मोठमोठे ताईको नगारे एकत्र वाजवणारे जपानी संघ तुम्ही रीलवर पाहिले असतील. ते बघून वाटतं, सामुराईंच्या काळापासून चालत आलं असणार. नगारा जुना, ते खरंच. पण वेगवेगळ्या आकाराच्या नगाऱ्यांचा संघ करून असं वाजवणं सुरू केलं ते ओगुची दाईहाची या जॅझ ड्रमरनं, १९५१ मध्ये. आपल्या गावच्या देवळाचा जुना ठेका त्याला एकट्यानं वाजवायला फार सपक वाटला, म्हणून त्यानं ड्रमसेटमधल्या ड्रम्ससारखं काम वाटून दिलं. त्यातूनच पुढं सादो बेटावरचा कोदो संघ १९८१ मध्ये उभा राहिला आणि जगभर गेला.

पुण्यातही पथकांचा प्रश्न कोर्टापर्यंत गेलाय. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं एका ढोल-ताशा पथकात तीसच माणसं असावीत अशी मर्यादा घातली होती. विसर्जनाच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. ढोल-ताशा हा पुण्याच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, असाच त्या वेळचा सूर होता.

बेंजो पार्टीसाठी असं कुणी कोर्टात उभं राहील का? पुण्यात मानाच्या मिरवणुकीत तिला फारशी जागा नाहीच. ती उपनगरात, गावाकडच्या लग्नांत, जत्रांत. तिच्यात स्पीकर असतो, म्हणून ती डीजेच्या रांगेत जाऊन बसते. कायदा बघितला तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत परंपरेचा मुद्दाच नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, सरकारनं सणापुरती बारापर्यंत सूट दिलेले मोजके दिवस सोडून. नियम आवाज मोजतो, वाद्याचं कुळ विचारत नाही. ढोलांनाही तो लागू आहे, फक्त ते बोलायला आपल्याला आवडत नाही.

दुसरीकडून बेंजोला खातोय तो कीबोर्ड. एका कीबोर्डमध्ये शंभर वाद्यांचे आवाज, तार तुटायची भीती नाही, पावसात सूर उतरत नाही. बऱ्याच पार्ट्यांत आता बेंजो आणि कीबोर्ड शेजारी शेजारी असतात, आणि काहींत नाव बेंजो पार्टीच, पण बेंजो दिसत नाही.

तिकडं जपानमध्ये काय झालं?

ताईशोगोतोचं तिकडंही मधे विस्मरण झालं होतं. पण १९७० नंतर ते परत वर आलं. यावेळी ते गटानं वाजवायचं वाद्य झालं. लहान, मोठी, खर्जाची अशी मापं निघाली, त्यातही पिकअप बसला, वर्ग सुरू झाले, आणि निवृत्त झालेली माणसं, विशेषतः बायका, ते शिकायला लागल्या. म्हणजे आपल्याकडं ज्या वाद्यावर वीस वर्षांची पोरं नाचतात, तेच तिकडं आजीबाईंच्या भजनी मंडळासारख्या गटांत वाजतं. नागोयातल्या ओसू कन्नोन मंदिराच्या आवारात, हे वाद्य इथं जन्मलं, असं सांगणारा दगड उभा आहे.

बाकीच्या वाद्यांचंही बरं चाललंय. १९६७ मध्ये ताकेमित्सु तोरु यांनी बिवा आणि शाकुहाचीला थेट न्यू यॉर्क फिलहार्मोनिकच्या वाद्यवृंदासमोर बसवलं, ती 'नोव्हेंबर स्टेप्स' ही रचना पाश्चात्त्य रसिकांनी उचलून धरली. अलीकडं योशिदा ब्रदर्सनी शामिसेन रॉकच्या अंगानं वाजवलं. २०१३ मध्ये वागाक्की बँड निघाला, कोतो, शाकुहाची, शामिसेन, ताईको आणि सोबत इलेक्ट्रिक गिटार. त्यांची गाणी यूट्यूबवर जगभर पाहिली गेली.

पुण्याचं आणि जपानचं नातं तसं जवळचं. इथं जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि सिंहगड रोडवर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर अख्खी जपानी बाग आहे. तिला नाव आहे पु. ल. देशपांड्यांचं. पु. लं. नी 'पूर्वरंग'मध्ये जपानच्या प्रवासाबद्दल लिहिलंय आणि ते स्वतः पेटी वाजवायचे, तेव्हा नाव अगदी फिट्ट बसलंय. त्या बागेत दगड, पाणी, पूल सगळं जपानी पद्धतीचं आहे. तिच्या भिंतीबाहेर सिंहगड रोडवरून एखाद्या वरातीसोबत बेंजो वाजत जात असेल, तर तोही तितकाच जपानी आहे.

पुढच्या वेळी एखादा बेंजोवाला जरा मोकळा सापडला तर त्याच्याकडून वाद्य हातात घेऊन बघा. शुद्ध सुरांच्या रांगेत षड्‌जाचं बटण शोधा आणि तिथून मोजत पहिलं, दुसरं, तिसरं, पाचवं, सहावं अशी बटणं दाबा. चौथं आणि सातवं सोडून द्या. तुमच्या कानाला भूप ऐकू येईल. नागोयात हीच पाच बटणं दाबणारी आजी त्याला योनानुकी म्हणेल.